मात्सूआईला विचारायचा प्रश्न

पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सत्रभर घसा फोडून एकच सांगते: मशीनला एका वेळी एकच विचारा, आणि असं विचारा की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. पोरं माना डोलावतात आणि पुन्हा तीन गोष्टींचं कडबोळं करून ठेवतात.

म्हणून यंदा परीक्षेला मी देवळातल्या कौलाचा प्रोग्रॅम करायला दिला. इथे तैवानात, आमच्या ताइनानमध्ये, तो कौल शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे जमिनीवर टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला की देवी ‘हो’ म्हणाली. दोन्ही पालथे म्हणजे ‘नाही’, विषय संपला. दोन्ही उताणे म्हणजे देवी हसली, परत विचारा. आणि मोठ्या कामाला ‘हो’ सलग तीनदा यावा लागतो. मशीनने ठोकळे टाकायचे, पोरांनी एवढे नियम बसवायचे.

युन-शी माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिचे वडील तेंग चिन-फू समुद्रदेवी मात्सूआईच्या देवळासमोर मासळीची पेज विकतात. पोरीने नर्सिंगला जावं असं घरच्या सगळ्यांचं म्हणणं, आणि पोरीचा जीव कॉम्प्युटरमध्ये. तेंग महिनाभर देवळात ठोकळे टाकत होते आणि देवी नुसती हसत होती. पुढच्या सत्रासाठी नाव नोंदवायचा शेवटचा दिवस नेमका आमच्या परीक्षेच्या दिवशी आला. पालकांनाही बोलावलं होतं. तेंग आत शिरल्याचं मला अंगाला येणाऱ्या पेजेतल्या आल्याच्या वासावरून कळलं.

युन-शीचा नंबर आला तसे ते उठून पुढे आले.

“मीच विचारतो,” म्हणाले. हात जोडून देवीला रीतसर नाव-पत्ता सांगितला, मनातल्या मनात प्रश्न विचारला, आणि बटण दाबलं.

हो. हो. हो.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेंगनी डोळे बारीक केले. “आता दुसरं विचारतो. उद्या माझ्या पेजेत सोन्याचे मासे निघतील का?”

हो. हो. हो.

वर्ग हसून लोळायचा बाकी राहिला. तेंग पोरीकडे वळले. “काय गं, मात्सूआईला काय खायला घातलंस?”

युन-शीचे कान लाल झाले. “बाबा, इथेही ती हसली असती तर तुम्ही मला घेऊनच गेला असता.”

“काढ ती लबाडी,” मी खेकसले. “आत्ता, सगळ्यांसमोर.”

तिने एक ओळ खोडली. मला वाईट वाटलं.

तेंगनी पुन्हा हात जोडले. “मात्सूआई, हिला इथे ठेवू का नर्सिंगला घालू?”

देवी हसली. परत विचारलं, परत हसली.

मग मात्र माझा तोल गेला. “अहो, हे दोन प्रश्न झाले! महिनाभर हेच विचारताय? यावर देवी हो म्हणणार कशी आणि नाही म्हणणार कशी?”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, आम्ही सत्रभर हेच ऐकतोय.”

तेंग मान खाजवत खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, “मात्सूआई, मी कुणाचं न ऐकता पोरीला इथेच ठेवलं, तर तू रागावशील का?”

बटण दाबलं.

हो.

युन-शीने डोळे मिटून घेतले. तेंगनी पुन्हा दाबलं.

नाही.

“सलग तीन झाले नाहीत,” तेंग उठत म्हणाले. “म्हणजे रागावणार नाही. चल, खिडकी बंद होईल नाव नोंदवायची.”

वर्गाने जो गलका केला तो ऐकून शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. युन-शी हसत होती आणि नाक पुसत होती. माझ्या डोक्यात तोवर हिशेब झाला होता. या गृहस्थाने प्रश्नच असा फिरवला होता की रागवायचं तर देवीला लागोपाठ तीनदा ‘हो’ म्हणणं भाग होतं, आणि सुटायला त्याला एक ‘नाही’ पुरत होता.

दारापाशी मी त्यांना गाठलं. “पोरीने मशीनला फसवलं, तुम्ही तर थेट देवीला. बापाच्याच वळणावर गेलीय.”

“फसवतोय कसला, बाई,” ते पोरीच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. “माझ्या मनात काय आहे ते देवीला पहिल्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तर महिनाभर हसत होती.”

युन-शीचे लबाडीचे गुण मी कापले. तिच्या वडिलांना मात्र पैकीच्या पैकी द्यायला माझी काही हरकत नव्हती.