साहेब राउंडवर आहेत

कलाबाई जेवणाचा डबा घेऊन सरकारी दवाखान्यात शिरली आणि तिनं पदर नाकाला लावला. तातडीच्या खोलीत ओकारीवर माश्या बसलेल्या, खाटेखाली रक्ताचे बोळे. गुरंसुद्धा कुणी अशा जागी बांधणार नाही. तिची सून संघमित्रा, तिथली नर्स, एकटीच फरशी पुसत होती. दोन वर्षांत पाच नर्स आल्या नि नोकरी सोडून गेल्या. गाव म्हणे, आजकालच्या पोरींना काम नको. कलाबाईही तेच म्हणायची.

"जेवी ले पहिले," कलाबाईनं डबा पुढे केला.

तेवढ्यात हेडक्लार्क योगराज कागद घेऊन आला. "सिस्टर, माफीनाम्यावर सही करा."

"कसाना माफीनामा?" कलाबाईनं विचारलं.

"अक्का, डॉक्टर नाहीत, असं तुमच्या सूनबाईंनी काल पेशंटला तोंडावर सांगितलं. इथे 'साहेब राउंडवर आहेत' म्हणायची पद्धत आहे."

"आनि साहेब कोठे व्हतात?"

योगराजनं कागद संघमित्रापुढे धरला.

"जळगावला, स्वतःच्या दवाखान्यात," संघमित्रा म्हणाली. "आत्या, गेल्या महिन्यात वनाभाऊंच्या पोरीला, सारिकाला साप चावला, तेव्हा मीही राउंडवरच म्हटलं. साहेब येतील म्हणून वनाभाऊ दोन तास बाकावर बसून राहिले. पोरगी तिथेच गेली. काल तसाच साप चावलेला माणूस आला. मी खरं बोलले. घरच्यांनी त्याला लगेच धुळ्याला नेला. वाचला."

सारिकाला मूठमाती दिली त्या दिवशी कलाबाईनं सुनेलाच झापलं होतं, तुन्हंच काहीतरी चुकनं. ते आठवून तिला स्वतःचीच किळस आली.

"सही नाही, तर नोकरी नाही," योगराज म्हणाला.

तिसरी शिकलेल्या कलाबाईनं कागदावर बोट ठेवून अक्षरं जुळवली. माझ्याकडून चूक झाली.

"चूक व्हयनी, खरं शे," ती म्हणाली. "पन काल नही, गया महिनामा. माफी मांगनी ती वनाकडे मांगूत."

संघमित्रानं कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: डॉक्टर हजर नव्हते. सारिकाच्या वडिलांना मी खोटं सांगितलं. खाली सही केली.

"हे इथे जमा होत नाही," योगराज म्हणाला.

"तुन्हाकडे देस कोन?" कलाबाईनं घडी करून कागद चोळीत खोवला.

दोनला ड्युटी सुटली. दोघी वनाच्या घराकडे निघाल्या. कमलबाई, सारिकाची आई, अंगावर धावून येईल का, कलाबाईला ठाऊक नव्हतं. उंबऱ्यात सुनेच्या पुढे आपण उभं राहायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.