सातच्या आकड्याची शेपटी

या मित्रांनो, असे पुढे सरकून बसा. माझा आवाज बारीक आहे. आयुष्यभर मी 'टप्' एवढंच बोलत आलो, पण आज पोटातलं सगळं सांगणार आहे. गोष्ट सुडाची आहे. म्हातारपणी देवाचं नाव घेऊन बसलेल्याला सुडाची गोष्ट शोभते का, असं कुणी विचारलं तर मी मान खाली घालीन. पण सांगायचं थांबणार नाही.

मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. माझं अंग लोखंडाचं, मूठ लाकडाची, आणि पोटात रबरी पट्टे: दोन दिवसाचे, एक महिन्याचा, एक वर्षाचा. कडेला चिमुकली चाकं. चाक फिरवलं की आकडा खाली येतो, गादीवर टेकवलं की शाई पितो, कागदावर दाबलं की सांगतो, 'हे आज झालं.' बस्स, एवढंच माझं काम. ज्या कारागिरानं माझे पट्टे ओवले त्यानं मला कोऱ्या कागदावर उठवून भिंगातून पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "याचा सात बघ. कसली ऐटदार शेपटी आहे." ती शेपटी लक्षात ठेवा, मित्रांनो. आपली गोष्ट तिलाच लटकलेली आहे.

मी एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागलो. खिडकीपाशी टेबल, टेबलावर शाईची गादी, गादीशेजारी मी. खिडकीच्या पलीकडे पालक आणि अलीकडे मुख्य कारकून. त्यांचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असायचा, म्हणून मुलं त्यांना चारडोळे म्हणत. माणूस वाईट नव्हता. कामाचा कंटाळा आला की समोरचा कागद कशाखाली तरी सरकवायचा आणि विसरून जायचा, एवढी एकच खोड.

पण माझी खरी मालकीण मावशी. शाळा झाडणारी, घंटा देणारी, पडलेल्या पोरांच्या गुडघ्यांवर फुंकर घालणारी. रोज सकाळी कार्यालय उघडलं की ती आधी मला हातात घ्यायची. मऊ फडक्यानं कालची शाई टिपायची, चाक एक घर पुढे सरकवायची आणि म्हणायची, "देवानं आजचा दिवस दिला बरं का. खराखुरा वापर." तिला अक्षरं फारशी येत नव्हती, आकडे मात्र पक्के. आणि गळा असा की देवाचं गाणं गुणगुणत ती जिना पुसायला लागली की वरच्या मजल्यावरचे मास्तर शिकवता शिकवता थांबायचे. तिच्या हातात असताना मला कधी गंज चढला नाही.

मग साथीचा हंगाम आला. आरोग्य कार्यालयातून पत्रांवर पत्रं येऊ लागली. आधी म्हणाले, ताप नसेल तर पाठवा. मग म्हणाले, खोकला असेल तर चाचणी करून पाठवा. मग चाचणी नको पण दहा दिवस घरी, मग पाच दिवस घरी, मग चाचणी करा, काही निघालं नाही तर शाळेत. खिडकीशी पालकांची ही झुंबड. तीन मुलांचे एक दाढीवाले बाबा म्हणाले, "थोरली सोमवारच्या नियमानं घरी, मधला बुधवारच्या नियमानं शाळेत. आता धाकट्याचं तुमचं ठरेपर्यंत मी इथंच उभा आहे." मागून एक आजी म्हणाल्या, "अहो, चाचणी करायची की नाही, याचीच एखादी चाचणी काढा ना."

हसू नका. म्हणजे हसा, तेही हसतच होते. पण त्या हसण्यामागे रात्ररात्र लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसलेली माणसं होती. आणि खरं सांगायचं तर तेव्हा चूक कुणाचीच नव्हती. आजार नवा होता, शहाण्यांनाही रोज नवं कळत होतं. काल बरोबर वाटलेलं आज चुकीचं ठरलं तर तसं सांगण्यात लाज कसली? म्हणूनच तर तारीख लागते. तारीख असली की माणसाला मान वर करून म्हणता येतं, त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं.

सात तारखेला, सोमवारी, खिडकीशी एक आई आली. ती गोळ्यांच्या कारखान्यात कामाला होती. समोरून सरकत जाणाऱ्या पाकिटांवरची छापील तारीख बघायची. आकडा पुसट, तुटका, वाकडा दिसला की पाकीट बाजूला काढायचं. बारा वर्षं ती हेच करत होती. तिच्या मुलीला घरात भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी उभी राहतच नसे. बोलतानासुद्धा टाचेवर गिरकी घेई.

आई म्हणाली, "हिचे बाबा काल आजारी ठरले. हिची चाचणी आज केली, काही निघालं नाही. पाठवू की घरी ठेवू?"

"ताई, फळ्यावर लावलंय की," चारडोळे म्हणाले. "चाचणीत काही नाही, तर मूल शाळेत. पाठवा बिनधास्त."

तिनं हे सगळं अर्जात लिहून आणलं होतं, दोन प्रतींत. चारडोळे हसले, तुम्ही फारच पक्क्या आहात म्हणाले, आणि दोन्ही प्रतींवर मला उठवून एक प्रत पोच म्हणून तिला दिली. माझा सात त्यावर ऐटीत उमटला, शेपटीसकट.

आणि त्याच वेळी, माझ्यापासून वीतभर अंतरावर, चारडोळ्यांच्या जेवणाच्या डब्याखाली एक बंद पाकीट पडलं होतं. आरोग्य कार्यालयाचा माणूस सकाळीच देऊन गेला होता. 'आलं आणखी एक,' असं पुटपुटत चारडोळ्यांनी त्यावर डबा ठेवला. आत लिहिलं होतं की घरात कुणी आजारी असेल तर मुलाची चाचणी काहीही सांगो, मूल सात दिवस घरीच ठेवा.

मी ओरडायला हवं होतं. पण शिक्का ओरडतो कुठे?

मंगळवारपासून भिंगरी शाळेत आली. शुक्रवारी वर्गातच तिला खोकल्याची उबळ आली, अंग तापलं. तिला सामानाच्या खोलीत नेऊन बसवलं, मोडक्या बाकांच्या आणि गुंडाळलेल्या नकाशांच्या मधे. दार लावून बाहेर थांबा, असा नियम होता. मावशीनं दार लावलं नाही. उंबऱ्यातच बसली आणि आई कारखान्यातून येईपर्यंत दीड तास त्या पोरीला गाणी म्हणून दाखवत राहिली. तो आवाज मला कार्यालयात ऐकू येत होता. मित्रांनो, तो मी शेवटचा ऐकला.

सोमवारी अर्धा वर्ग गैरहजर होता. मावशी दवाखान्यात होती. बुधवारी, सोळा तारखेला, मावशी गेली.

सतरा तारखेला कार्यालय उघडलं तेव्हा मला हातात घ्यायला कुणी नव्हतं. चारडोळे घाबरून गेले होते. टेबल, खुर्ची, पेन, सगळं जंतुनाशकात बुचकळत होते, मलाही बुचकळलं. माझं रबर फुगलं, शाईच्या गुठळ्या झाल्या. मग त्यांनी टाचणी घेतली आणि घाईघाईनं गुठळ्या खरवडायला लागले. मावशी असती तर मऊ फडकं होतं. इथं टाचणी घसरली आणि माझ्या साताची शेपटी तुटून गादीत पडली. त्या दिवशी जेवढे अर्ज आले तेवढ्यांवर माझा सात बोडका उमटला.

अठराला आवराआवर करताना चारडोळ्यांनी डबा उचलला आणि ते पाकीट उघडलं. आतलं पत्र वाचलं. चार पावलांवर मोठ्या बाईंची खोली होती. जाऊन म्हणायचं होतं, 'बाई, माझ्या हातून चूक झाली.' त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, रागावल्या असत्या, पण माणसाची चूक माणसासारखी निस्तरली असती. ते उठले नाहीत. त्यांनी नव्या नियमाची सूचना लिहिली, मला उचललं आणि माझी चाकं उलटी फिरवली. अठरावरून सातावर.

जन्मात मी कधी मागे फिरलो नव्हतो. चाकं करकरली. त्यांनी मला कागदावर दाबलं, आणि तिथंच मी ठरवलं. शाई नीट न घेता मी फराटा उठवू शकलो असतो, पण मग कागद वाया गेला असता आणि त्यांनी दुसरा घेतला असता. मी तसं केलं नाही. सगळं बळ एकवटून स्वच्छ, रेखीव उमटलो. बोडक्या सातासकट.

ती सूचना त्यांनी फळ्यावर इतर कागदांच्या आड, जुनी वाटेल अशी टोचली. शनिवारी पालकांचा ओरडा झाला तेव्हा बोट दाखवलं: सूचना सातलाच लागली होती, तरी या बाईंनी आठला पोर पाठवली. मग काय, आग भडकायला वेळ लागत नाही. मोठ्यांनी आईशी बोलणं सोडलं. मुलांनी भिंगरीला घराबाहेर गाठून सांगितलं, तुझ्यामुळे मावशी गेली.

एकवीस तारखेला मोठ्या बाईंच्या खोलीत आईला बोलावलं. चारडोळे होते, पालकांचे दोन पुढारी होते, आणि ठसे लागतील म्हणून मीही होतो. मुलीचं नाव काढून घ्या, एवढंच तिला सांगायचं होतं. आई शांत होती. राग असा आत दाबला होता की तिच्या हातातला कागदसुद्धा हलत नव्हता.

"नियम बदलला म्हणून मी कधी भांडले नाही," ती म्हणाली. "चारदा बदलला, चारदा पाळला. माझी पोर बरी होऊन दोन दिवस झाले, पण घरात आमच्यापासून चार हात लांब बसते. तोंडावर हात ठेवून बोलते. काल तिनं विचारलं, आई, मी मावशीला मारलं का? आता मला एकच बघायचंय. हा शिक्का सातावर फिरवून एकदा कोऱ्या कागदावर मारा."

चारडोळे म्हणाले, त्याची काय गरज. मोठ्या बाई म्हणाल्या, मारा. टप्. बोडका सात.

आईनं फळ्यावरून काढून आणलेली, हातातली सूचना शेजारी ठेवली. बोडका सात. मग पिशवीतून स्वतःची पोच काढली आणि घडी उलगडली. ऐटदार, शेपटीवाला सात.

"दोन्हीवर एकच तारीख," ती म्हणाली. "एकाच दिवशी एकाच शिक्क्याला शेपटी असते पण आणि नसते पण? मी बारा वर्षं आकडेच बघते, बाई. हा सात तुटला केव्हा, तेवढं शोधा."

मोठ्या बाईंनी रजेच्या अर्जांचा गठ्ठा मागवला. सातपर्यंतचे सगळे सात धडधाकट. सतराचे सगळे बोडके.  दोघे पुढारी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. मी टेबलावर पडल्या पडल्या, खरं सांगतो, सुखानं नुसता न्हाऊन निघालो.

चारडोळ्यांनी हात जोडले. "ताई, मलाही दोन लेकरं आहेत. नोकरी जाईल."

"म्हणूनच तुम्हाला कळायला हवं होतं," आई म्हणाली. "नोकरीचं बाई बघतील. मला हवंय ते वेगळं. माझ्या मुलीच्या वर्गात चला. तिच्यासमोर खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि सगळ्यांदेखत सांगा. आणि हा शिक्का हातात घ्या."

मी त्यांच्या मुठीत होतो, मित्रांनो, म्हणून पुढचं पाहू शकलो. मूठ घामानं ओली झाली होती. वर्गात निम्मी बाकं रिकामी. भिंगरीला आईनं बाहेर व्हरांड्यात बसवून ठेवलं होतं, तिला आत आणलं. ती तोंडावर हात धरून उभी. चारडोळे गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, तारीख मी फिरवली, तुझी आणि तुझ्या आईची काही चूक नाही.

मुलीनं तोंडावरचा हात काढला. "मग मावशी कुणामुळे गेली?"

ते मान हलवायला लागले. आजार होता, देवाची मर्जी, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं. आई मागून म्हणाली, "देवाला मधे आणू नका."

चारडोळ्यांनी मुठीतल्या माझ्याकडे पाहिलं. मग ते इतक्या हळू बोलले की पहिल्या बाकावरच्यांनीच ऐकलं असेल.

"पत्र माझ्या डब्याखाली होतं."

आईनं तेवढ्यावर सोडलं नाही. ते दोन्ही कागद, शेपटीचा आणि बिनशेपटीचा, मोठ्या बाईंकडून फळ्यावर शेजारी शेजारी लावून घेतले. वर्षभर रोज सकाळी मुलीला सोडायला आली की ते जागेवर आहेत ना, एवढं बघून मगच ती कारखान्यात जायची. चारडोळ्यांची खिडकी गेली, त्यांना मागच्या खोलीत जुन्या कागदांत बसवलं. फळ्यावरून जाताना ते मान वळवून जायचे. मला दया येत नव्हती. क्षमा करावी म्हणतात, मीही ऐकलंय. पण क्षमा करायचा अधिकार जिचा, ती सोळा तारखेलाच निघून गेली.

पुढे माझ्या पट्ट्यावरची वर्षं संपली. शिक्क्याचं म्हातारपण असंच येतं. एक दिवस चाक फिरवायला पुढचा आकडाच नसतो. मला रद्दीत टाकणार होते, तेव्हा भिंगरीनं मागून घेतलं. आता ती मोठी झाली आहे, गिरक्या पुन्हा घेते. रोज सकाळी मला हातात धरते, मऊ फडक्यानं पुसते आणि दिवसाचं चाक एक घर पुढे सरकवते. वर्ष चुकीचं असतं, दिवस खरा असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला टाचणी लावू नका, फडकं लावा. आणि काहीही झालं तरी त्याची चाकं उलटी फिरवू नका. तो मुकाट्यानं फिरेल, पण विसरणार नाही.

आणि एक मागणं. कुठल्याही महिन्याची सोळा तारीख आली आणि जिना पुसताना कुणी गुणगुणताना ऐकू आलं, तर क्षणभर थांबा आणि मावशीला आठवा. दार लावायचा नियम होता, आणि ती उंबऱ्यात बसली होती.