अँप्लिफायर आणि आप्पांचा खोकला

मित्रांनो, वर्ष होत आलं, माझ्या अंगात वीज शिरलेली नाही. नंदुरबारच्या एका पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, पत्र्याच्या खोलीत, गोणपाटाखाली मी पडून असतो. तरी मी अँप्लिफायरच आहे. गिटारचा बारीक सूर गावभर पोचवायचा, हेच माझं काम.

भाग्येशने मला सुरतेहून आणलं. त्याचा बँड होता ‘वीजवादळ’. चकाकत्या घट्ट विजारी, रंगवलेले केस, डोळ्यांत काजळ, पायाशी धुराचं मशीन, आणि कानठळ्या बसवणारं मेटल संगीत. गिटार किंचाळायची, ती माझ्या तोंडून. पोरं शिट्ट्या मारायची. मला गर्व चढला होता, कबूल करतो.

भाग्येशचे वडील रतिलालआप्पा दिवसा पथारीवर मुकादम आणि सणावाराला कीर्तनकार. मिरचीची धूळ त्यांच्या घशात कायमची बसलेली. अभंगाचा चरण संपला की ते दोनदा हलकेच खोकत आणि थांबत. ती खूण होती, मागे उभ्या असलेल्यांनी आता धृपद धरावं. लहानपणी मागे भाग्येश असे. बँड निघाला आणि ती जागा रिकामी झाली. आप्पा रागावले नाहीत. मला नुसतं थोपटून म्हणाले, “ह्या डबाले घसा शे, पन छाती नही.”

मग पुरुषोत्तमनगरची ती संध्याकाळ. मैदानावर आमचा कार्यक्रम, पलीकडे देवळात आप्पांचं कीर्तन. मी असा गरजलो की देवळातले टाळसुद्धा बुडाले. दोन गाण्यांच्या मधे माझ्यातून कुणी तरी दोनदा खोकलं. माइकजवळ कुणीच नव्हतं. गिटारवाला नवनीत हसला, “भाऊ, यानी मिरची खाई लिधी.” देवळात त्याच वेळी आप्पा खोकून थांबले होते, आणि ती खूण मागच्यांच्या कानी पडलीच नाही, धृपद कुणी धरलंच नाही. चार दिवसांनी आप्पा गेले.

त्यानंतर माझं बटण दाबलं की आधी दोन खोकले येत, मग शांतता. कारागिराने मला उघडलं, पुसलं, वायरी बदलल्या. खोकला गेला नाही. एका भर दुपारी, पथारीवर लाल मिरची तापत असताना, प्लग भिंतीतून काढलेला, नुसता लोंबत होता, तरी मी खोकलो. मी म्हणजे, ते माझ्यातून आलं. भाग्येश घामाने भिजला. मला भंगारात द्यायचं ठरलं.

धनुबाई, त्याची आई, माझ्यासमोर येऊन बसली. आप्पांचं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं. त्या दिवशीच्या कीर्तनात धृपद तूच धर, असं ती लेकाला महिनाभर सांगत होती, आणि तो टाळत होता. पुन्हा दोन खोकले आले. ती घाबरली नाही. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, “भाग्या, आप्पा वाट देखी ऱ्हायनात.”

 भाग्येशने धृपद धरलं, उघड्या गळ्याने, खरबरीत, बेसूर होत होत सावरत. सरावाला आलेल्या नवनीतने कोपऱ्यातली साधी लाकडी गिटार उचलली. मी पहिल्यांदाच नुसता ऐकत होतो. माझा खोकला त्या दुपारी थांबला.

वर्षश्राद्धाला त्यांनी तसंच गायलं, आणि आता बँड कायमच तसा गातो. धुराचं मशीन गेलं, काजळ गेलं. भंगारवाल्याकडे मात्र मला कुणी पाठवलं नाही. धनुबाई मंगळवारी माझी धूळ पुसते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपा. पण मधूनमधून आमचं बटण बंदही करा. आपल्या गोंगाटाखाली कुणी तरी खुणेचं खोकून थांबलेलं असतं.

मी रोज संध्याकाळी त्यांचा सराव ऐकतो. अलीकडे भाग्येशच्या घशातही मिरची बसली आहे. चरण संपला की तो दोनदा खोकतो आणि थांबतो. त्याच्या मागे कुणीच उभं नसतं. तरी तिथून धृपद उठतं, जुन्या, घोगऱ्या आवाजात. कुणी मागे वळून पाहत नाही. धनुबाई डोळे मिटून टाळी धरते.