डाल्याखालची कोळशी

“पंचफुले, धर तिले! गेली वं, गेली!”

रुखमाबाई चुलीपुढून अशी उठली की मांडीवरचं सूप उलटलं आणि निवडलेले तांदूळ घरभर झाले. कोळशी खिडकीच्या गजांमधून अर्धी बाहेर पडली होती. पंचफुलानं झेप घेऊन तिचं मागचं धड पकडलं. खाली, पार खाली, जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागली होती आणि बंडीवाले माना वर करून मजा बघत होते.

“सोडू नको! पडली तं मरन, न नाही मरली तं पाव्हन्याच्या पायात जाईन!”

पंचफुलानं मांजरीला आत ओढलं. हातावर चांगले लाल ओरखडे उमटले होते, तरी पोरगी हसत होती. रुखमाबाईनं खिडकीत पोत्याचे बोळे कोंबले. दुसऱ्या खिडकीत जुनी गोधडी गेली. आता घरात वारा यायला जागा उरली नाही, पण तिला आज वारा नको होता. आज फुलसावंगीहून पंचफुलाला बघायला पाहुणे येणार होते आणि ते येऊन जाईपर्यंत काळी मांजर कुणाच्या दृष्टीला पडता कामा नये, एवढंच तिला हवं होतं.

ढाणकीच्या त्या जिनाची इमारत गावात सगळ्यात उंच. खाली सरकीचं गोदाम, मध्ये गाडीवानांची बिऱ्हाडं आणि अगदी वर, पत्र्याखाली, फिटर नागोरावचं घर. छप्पन साली नागोराव बायको-पोरीला घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्या आल्या त्यानं घरातल्या साऱ्या जुन्या भीती बाहेर काढल्या, आणि त्या परत यायला नकोत म्हणून की काय, गोदामातून एक काळंकुळकुळीत पिल्लू उचलून घरात आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते कौतुकानं दाखवायचा.

रुखमाबाईनंही दीक्षा मनापासून घेतली होती. देव्हारा तिनं स्वतःच्या हातानं उतरवला होता आणि त्या जागी बुद्धांची तसबीर लावली होती. मनात तिच्या काही म्हणजे काही उरलं नव्हतं. फक्त उजवा पाय तिचं ऐकत नसे. वाटेत मांजर आडवं गेलं की तो आपला थबके, आणि दुसरं कुणी पुढं गेल्याशिवाय हलत नसे.

आणि पायाला तरी नावं कशी ठेवणार? गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणे पंचफुलाला बघायला आले होते. तेही दीक्षा घेतलेलेच. जिना अर्धा चढले, कोळशी त्यांच्यापुढून टुणकन आडवी गेली, आणि ते पाण्याचा घोटही न घेता तिथूनच माघारी फिरले. साऱ्या ढाणकीत त्याचा बोभाटा झाला. तेव्हापासून रुखमाबाईच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. मांजर कुणाला तरी देऊन टाका म्हणून तिनं नवऱ्याचे कान किटवले, पण नागोराव ढिम्म.

“मांजर जाईन तं मीबी जाईन,” तो म्हणायचा.

“आजच्या दिवस तरी गप्प राहा,” तिनं सकाळीच त्याला हात जोडले होते.

“मी खोटं बोलनार नाही. पन कोनी इचारलं नाही तं सांगनारबी नाही. मंग तं झालं?”

पंचफुला मात्र आईला चिडवायची एक संधी सोडत नव्हती. “आई, मांजर पाहून पयनाऱ्याच्या घरी मले कायले धाडतं वं? उद्या मीच आडवी गेली तं?”

“जिभीले हाड नाही पोरीच्या!” रुखमाबाई म्हणाली, आणि तेवढ्यात मधल्या मजल्यावरची जमनाबाई कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं घेऊन वर आली. जमनाबाई तांड्यावरची, गाडीवान लालसिंगची बायको, अडीअडचणीला न बोलावता येणारी. तिचं डालं आज रिकामं होतं, कारण त्याखालची कोंबडी रुखमाबाईच्या चुलीवर शिजत होती.

“याच्याखाली ठेव तिले, रुखमा. वरून पाटा ठेव. वाघबी निंघनार नाही.”

कोळशीला आतल्या खोलीत डाल्याखाली घातलं, वर पाटा ठेवला. रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. पण कोंबडीच्या वासाचं डालं आणि त्यात मांजर! कोळशीनं आतून जो काही गोंधळ मांडला, तो बघायला जमनाबाई थांबली नाही, हसत हसत जिना उतरून गेली. आणि मग रुखमाबाईच्या ध्यानात आलं की रश्श्याचा मसाला अजून वाटायचाय, आणि पाटा तर डाल्यावर!

काय करणार? पाटा काढला, त्याच्या जागी पाण्यानं अर्धा भरलेला पितळेचा गुंड ठेवला आणि वरवंटा धरला. मसाला वाटून होतो न होतो तोच खाली दमणीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पाहुणे आले!

नवरदेवाचे वडील बाबाराव, स्वतः नवरदेव धर्मपाल, आणि मथुराबाई. आईविना राहिलेल्या धर्मपालला लहानाचं मोठं या आत्यानं केलेलं, त्यामुळे त्या घरात शेवटचा शब्द तिचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जय भीम झालं, पाय धुणं झालं, चहा झाला. पंचफुला येऊन बसली. धर्मपालनं तिच्या हातावरचे ओरखडे बघितले आणि हसला. मग नागोराव दोघा पुरुषांना जिनाचं नवं यंत्र दाखवायला खाली घेऊन गेला. हे मात्र वाईट झालं, कारण रुखमाबाई मथुराबाईच्या तावडीत सापडली.

आतून खर्र खर्र आवाज आला. रुखमाबाई मोठ्यानं खोकली.

“काय वाजून राह्यलं आत?” मथुराबाईनं विचारलं.

“उंदरं हायेत वो बाई. सरकीचं गोदाम हाय न खाली.”

पुन्हा आवाज आला. रुखमाबाई पुन्हा खोकली. या वेळी तिला खराच ठसका लागला.

“इतके उंदरं? मंग मांजर काहून नाही पाळत?”

मथुराबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. पंचफुलानं मान खाली घातली. रुखमाबाईला वाटलं, झालं, हिला कुठून तरी वास लागला. आता माघार घेतली की पोरीचं जमत नाही.

“मांजर? न आमच्या घरात? नाही वो बाई! पाळलं नाही न पाळनारबी नाही. तसली अवदसा कोन घरात ठेवते?”

तिला वाटलं होतं बाईचा चेहरा खुलेल. तो पार उतरला. मथुराबाई पदर सावरून उठली. पुरुष मंडळी तेवढ्यात जिना चढून येत होती.

“चाल बाबाराव,” ती म्हणाली. “निंघू आपन.”

“अवो, जेवन तयार हाय!” नागोराव दारातच उभा राहिला. “काय झालं? काही चुकलं काय आमचं?”

“तुमचं नाही चुकलं भाऊ, घर आमचंच चुकलं असन. आमाले सांगितलं होतं, ढाणकीच्या जिनावर एक घर हाय. काळ्या मांजरीपाई पाव्हने जिन्यावरून वापस गेले, पन त्या लोकाइनं मांजर काही सोडली नाही. मी म्हनलं, पोरगी करायची तं त्याच घरची. नुसता फोटो लावनारे ढीगभर हायेत. पन इथं तं बाई मांजरीले अवदसा म्हन्तेत.”

रुखमाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. ज्या मांजरीला तिनं सकाळपासून जीव खाऊन लपवलं होतं, तिलाच बघायला हे लोक आले होते! नागोराव तिच्याकडे बघत होता. रागानं नाही, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

ती काही बोलणार, तोच आत धडाम् झालं. गुंड पडला. पाण्याचा लोंढा पडद्याखालून बाहेर आला आणि त्यामागून भिजलेली, पिसाळलेली कोळशी! ती रुखमाबाईच्या पायांतून निसटली, उंबऱ्याशी पोचलेल्या मथुराबाईच्या पुढून सरळ आडवी गेली, आणि बाहेरच्या कठड्यावर जाऊन बसली.

सगळे जागच्या जागी थांबले. कुणी हलेना.

आणि रुखमाबाईला दिसलं. मथुराबाईचा उजवा पाय उंबऱ्यावर अर्धा उचललेला होता, आणि तो खाली टेकत नव्हता. एवढं बोलणारी ही बाई! तिच्याही पायाची तीच गत होती. रुखमाबाईला तो पाय चांगला ओळखीचा वाटला, आणि कोण जाणे का, तिची भीती त्या क्षणी निम्मी झाली.

उरलेली निम्मी भीती काही कमी नव्हती. पण कुणी तरी पुढं जायला हवं होतं, आणि आयुष्यभर तिनं ते दुसऱ्यावर सोडलं होतं. तिनं उजवाच पाय पुढं टाकला. मग डावा. कोळशी गेली होती ती वाट ओलांडून ती कठड्यापाशी गेली, मांजरीला मानेला धरून उचललं आणि पोटाशी घेतलं.

“खोटं बोलली मी, बाई,” ती म्हणाली. “आमचीच हाय. मी भेली. पोरीचं होईन का नाही म्हून भेली.”

मथुराबाईनं स्वतःच्या पायाकडे बघितलं, तो खाली टेकवला आणि खो खो हसत सुटली. “अवो, माहा पाय पाह्यला नाही काय? म्या एवढं भाषन केलं न पाय तसाच लटकून राह्यला!” डोळे पुसत ती मागं फिरली आणि सतरंजीवर पुन्हा बसली. “वाढा आता, इहीनबाई. भूक लागली.”

पंचफुला पडद्याआड पळाली. धर्मपाल गुंड उचलायच्या निमित्तानं आत गेला, तो बराच वेळ बाहेर आला नाही, आणि सगळ्यांनी ते न बघितल्यासारखं केलं.

जेवताना मथुराबाईनं कोळशीला मांडीवर घेऊन रश्श्यातला एक तुकडा भरवला. “एक मागनं हाय,” ती म्हणाली. “पोरीसंगं हे मांजरबी द्या. आमच्या घरी कामाची हाय.”

रुखमाबाईनं हातातली पळी खाली ठेवली, पुढं वाकली आणि मांजर तिच्या मांडीवरून उचलून घेतली.

“पोरगी न्या,” ती म्हणाली. “मांजर नाही भेटनार.” आणि मग आतल्या खोलीकडे बघून तिनं हाक मारली, “पंचफुले, त्या खिडक्या उघड वं आता. घरात जीव घाबरून राह्यला.”