घरात नाक बंद

साबणाच्या कारखान्यात तिला सगळे नाकबाई म्हणत. साबणाचा प्रत्येक घाणा बाहेर पडण्याआधी तिच्या नाकाखालून जायचा. तेल जुनं आहे, अत्तर पातळ केलंय, हे ती डोळे मिटून सांगायची. तिने एकदा नाक मुरडलं की मालकाचंही काही चालायचं नाही.

घरी मात्र या नाकाला मज्जाव होता. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने पाहुण्यांसमोर नवऱ्याला शर्ट बदलून यायला सांगितलं होतं. शाळेत भूगोल शिकवणारा, बोलघेवडा माणूस. तेव्हा हसला, पण दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नाक कारखान्यात ठेवून येत जा. घरी मला माणूस राहू दे." तिने शब्द दिला आणि बावीस वर्षं पाळला. कसली ही सचोटी, देव जाणे.

मागच्या वर्षी शाळा सुरू झाली त्या सुमारास त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. साधा शिळा वास नव्हता. अमोनियाचा होता, कारखान्यामागच्या मुतारीत येतो तसा. तिने तो पहिल्याच दिवशी ओळखला. मग पोट बिघडलं असेल, दाढ किडली असेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि मूग गिळून बसली. मोरीत जीभ घासायची नवी पट्टी आली, टेबलावर लवंगांची डबी आली. अंथरुणात ती कूस बदलून झोपायला लागली.

त्याला काय कळत नव्हतं? त्याने लवंगांची डबी मुकाट्याने संपवली, दुसरी आली तीही संपवली. मग तो तोंडावर हात धरून बोलायला लागला, आणि पुढेपुढे तर भिंतीकडे बघूनच. वर्ग दणाणून सोडणारा तो आवाज घरात ऐकू येईनासा झाला. शेवटी पाय सुजले, तेव्हा कुठे दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली.

दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. रक्तातली घाण बाहेर पडेनाशी झाली, की तिचा वास श्वासाला येतो, असं बाईंनी समजावलं. लवकर आला असता तर बरीच वर्षं हाती लागली असती, असंही म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, वास कधीपासून येतोय?

"दहा महिने," ती म्हणाली.

नवऱ्याने कितीतरी दिवसांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. "म्हणजे तू ओळखला होतास," तो म्हणाला. "आणि मला वाटलं, तुला माझा वीट आलाय."

डायलिसिसवर पाच महिने निघाले. ती रजा काढून त्याच्या उशाशी बसायची, मुद्दाम जवळ सरकायची. पण त्याची मान भिंतीकडे वळायची ती वळायचीच.

एका दुपारी तो भिंतीशी काहीतरी पुटपुटला. तिला कळलं नाही.

"अहो, इकडे बघून बोला ना."

त्याने मान वळवली, पण सवयीने हात तोंडावर गेला, सलाइनची नळी लावलेला. तिने तो अलगद खाली घेतला आणि आपलं तोंड त्याच्या तोंडाजवळ नेलं. वास आला. ती तशीच थांबली. पुन्हा आला. मग आला नाही.

तो काय म्हणत होता, ते भिंतीलाच ठाऊक.