टाकीतला अंधार

सिएरा नेग्रा डोंगरावर पोलादी टाक्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या पोटात काळ्या प्लास्टिकची खोलीएवढी पिशवी. तीत पाणी भरायचं, तळाशी प्रकाश टिपणारं यंत्र. आकाशातून आलेला म्युऑन हा सूक्ष्म कण पाण्यातून गेला की निळसर चमक उठते. पण पिशवीला सुईएवढं भोक असलं तरी बाहेरचं ऊन ती चमक गिळून टाकतं. म्हणून आधी पिशवीत हवा भरून जुना कारागीर एवारिस्तो आत शिरे, अंधारात डोळे सरावले की ताऱ्यांसारखी चमकणारी भोकं शोधून पट्टी लावी.

मागच्या महिन्यात त्याने तपासलेल्या टाकीत पाणी भरलं आणि दिवस उजाडताच यंत्र वेड्यासारखं बडबडू लागलं. टँकरने चढवलेलं सगळं पाणी सोडून द्यावं लागलं. एवारिस्तोला कारण ठाऊक होतं: त्याचे डोळे. सांगावं तर काम जाणार, न सांगावं तर आणखी एक टाकी वाया.

आज टाक्यांची जबाबदारी असलेली शास्त्रज्ञ मारिक्रूस त्याच्यामागून आत आली.

"मायेस्त्रो," ती उस्तादाला म्हणावं तशा मानाने म्हणाली, "आज मीही बघते."

"विश्वास उडाला म्हणा की, डॉक्टरबाई!"

"थोडासा."

पिशवीचं तोंड बंद झालं. काही वेळाने तिचा श्वास मोठ्याने ऐकू येऊ लागला.

"बाहेर काढा मला. जीव घुसमटतोय."

"हवा भरपूर आहे, पोरी. खाली बस. सकाळी काय खाल्लंस?"

"तामाल... आईने केलेले."

"आणि मला एकही आणला नाहीस? वर विश्वासही नाही!"

ती हसली. श्वास निवळला. मग म्हणाली, "तिकडे शिवणीपाशी तारा चमकतोय. दिसला?"

एवारिस्तोने पाहिलं. नुसता काळोख. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही दिसत, पोरी. बरेच दिवस झाले."

मग तिने त्याचा हात धरून शिवणीवर टेकवला. त्याने चाचपडत पट्टी लावली, बोटाने घोटून बसवली.

"विझला," ती म्हणाली.

"अजून शोध. बहुतेक शेजारी दुसरा असतो."

होता.

पाणी चढलं. भर दुपारी पडद्यावर फक्त म्युऑनचे शांत ठिपके.

"हे कुठून आले?" त्याने विचारलं.

"कुठेतरी तारा फुटला असेल. तिथून निघालेले कण आपल्या हवेवर आदळतात, त्यांची ही पिल्लं." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. गाडी मी काढते."

"आणि टाक्या?"

"बघणं माझं, चिकटवणं तुमचं. पण आत आधी तुम्ही शिरायचं, मायेस्त्रो. मी मागून."