तिसरी गंजी

लोखंडी सळई गवताच्या गंजीतून बाहेर आली तशी महिपतने रोजच्या सवयीने तिच्या टोकाला पंजा आवळला. हात भाजला. तरी त्याने तो काढला नाही. खाली शिडी धरून वखारीचे मुकादम सावळाराम वर तोंड करून उभे होते.

“काय म्हणते रे?”

“थंड हाय, काका.”

“पुरती आत घातली होतीस ना?”

“पुरती. सकाळधरनं आत होती.”

सावळाराम समाधानाने मान हलवून चौथ्या गंजीकडे वळले. महिपत खाली उतरला, पाण्याच्या पिंपाशी गेला आणि कोणी बघत नाही असं पाहून त्याने हात मनगटापर्यंत बुडवला. तळव्यावर आडवा लाल पट्टा उठला होता.

शहापुरातून सापगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुंबईच्या एका कंपनीची ही गवताची वखार होती. मुरबाड आणि डोळखांबकडचं गवत बैलगाड्यांनी यायचं, त्याच्या घरांएवढ्या उंच गंज्या रचल्या जायच्या आणि पुढे यंत्रात दाबून गाठी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. लढाई सुरू झाल्यापासून लष्कराच्या खेचरांनाही हेच गवत लागत होतं. यंदा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला, त्यामुळे गवत नीट वाळलं नव्हतं. ओलं गवत रचलं की ते आतल्या आत तापतं, काळं पडतं, आणि वेळेवर गंजी मोडली नाही तर बाहेरून काडीही न लागता पेट घेतं. म्हणून प्रत्येक गंजीत सळई खुपसून ठेवायची आणि दुपारी काढून हाताने बघायची. सावळारामांनी तीस वर्षं हेच केलं होतं आणि त्यांच्या वखारीत कधी पेंढीसुद्धा जळली नव्हती.

पण गेली चार वर्षं सळई महिपत बघत होता. सावळारामांच्या तळव्यातली जाणच गेली होती. निखारा ठेवला तरी उशिरा कळायचं. हे त्यांनी एकट्या महिपतला सांगितलं होतं. “साहेबाला कळलं तर घरी बसवील मला,” ते म्हणाले होते. “आता तूच माझा हात.” त्या दिवशी महिपतचा ऊर भरून आला होता. खोटं कशाला बोला, खरोखरच भरून आला होता.

दिवाळीनंतर कंपनीचे साहेब मोटारीतून आले. मुरबाडला नवी वखार निघणार, दोन्ही वखारींवर एकच माणूस राहणार आणि त्याला राहायला चार खणांचं कौलारू घर मिळणार, असं त्यांनी सांगितलं. मग सावळारामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “माणूस शोधायला कुठे जायला नको. हा आहेच.”

महिपत बाजूला टोपी हातात घेऊन उभा होता. गाडीवानांशी भांडायचं त्याने, मजूर हाकायचे त्याने, स्टेशनात मालगाडीच्या वाघिणीसाठी मिनतवाऱ्या करायच्या त्याने, आणि घर मिळायचं म्हाताऱ्याला. सावळाराम अठ्ठावन्न वर्षांचे होते, पण बाभळीसारखे चिवट. आणखी दहा वर्षं तरी ते खुर्ची सोडत नव्हते. घरी गिरजा म्हणाली, “तुमी काय जन्मभर शिडीवरच राहणार?” बायकोचं बोलणं त्याने हसण्यावारी नेलं, पण ते मनात घर करून बसलं.

आणि मार्गशीर्षात तिसरी गंजी तापली.

गवत काळं पडेल, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. साहेब अमावस्येला येतील, गंजी उघडायला लावतील आणि म्हाताऱ्याची शोभा होईल. त्याहून जास्त काही नको होतं. दुसऱ्या दिवशीही त्याने “थंड” म्हटलं. तिसऱ्या दिवशी सळई धरवेना, तेव्हा तो घाबरला. आत्ता सांगावं, असं ओठांवर आलं. पण आत्ता सांगितलं तर कालचं आणि परवाचं काय सांगायचं? बुडत्याचा पाय खोलात, म्हणतात ते खोटं नाही. तो “थंडच हाय” म्हणाला आणि जेवायला गेला.

भाकरीचा दुसरा तुकडा मोडला तोच ओरडा झाला. तिसरी गंजी आतून पेटून वर फुटली आणि वाऱ्याने चौथी धरली. कोंडू गाडीवानाची जुंपलेली बैलजोडी मधे सापडली. त्याने जोखडाच्या दोऱ्या कापल्या, पण एकच बैल वाचला, आणि कोंडूचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्याला खाटेवर घालून नेताना महिपतने एक बाजू धरली होती. कोंडू बैलाच्या नावाने रडत होता. महिपतला त्याच्याकडे बघवलं नाही.

साहेब दुसऱ्या दिवशी आले. कचेरीच्या पडवीत खुर्ची टाकून त्यांनी विचारलं, “सळई कोण बघत होतं?”

एक शब्द, आणि महिपतचं सगळं संपणार होतं.

“मीच, साहेब,” सावळाराम म्हणाले.

हात मेलाय हे म्हातारा कुठल्या तोंडाने सांगणार, असं महिपतला वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. त्याच संध्याकाळी सावळारामांना घरी पाठवलं आणि दोन्ही वखारी महिपतकडे आल्या.

आठ दिवसांनी सकाळी सावळाराम कचेरीत आले. त्यांची घोंगडी खुंटीवर राहिली होती. ती त्यांनी खांद्यावर टाकली, पण निघाले नाहीत.

“म्हैपत, एक विचारू? खरं सांग हां. तुझ्यावर माझा राग नाय.”

“विचारा की.”

“तिसऱ्या गंजीशी मला वास येत होता. करपल्या गुळासारखा. तीन दिवस येत होता.”

महिपतचा लिहिता टाक थांबला.

“मग बोलला का नाय?”

“तू थंड बोलत होतास ना. मी म्हटलं, पोराचा हात खोटा कसा बोलंल? हात गेला तसं माझं नाकपण गेलं, आग कुणाच्या बिडीनं लागली असंल. म्हणून साहेबाम्होरं तुझं नाव नाय घेतलं. नाक खरं असंल आणि सळई कमी आत गेली असंल, तरी चूक कुणाचीबी होते.” त्यांनी खांद्यावरची घोंगडी सावरली. “आता सापगावची लोकं बोलवतात, आमची गंजी बघाया या म्हणून. कसा जाऊ? तेवढं तू सांग. तुझा हात खरा, का माझं नाक खरं?”

म्हातारा दाराच्या चौकटीला धरून वाट बघत राहिला. त्याच्या तोंडावर संशयाचा लवलेश नव्हता, आणि तेच महिपतला सोसवेना. त्याने दौतीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“सळई थंडच होती, काका,” तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, “वय झालं. जातं माणसाचं नाक.”

सावळारामांनी दोन-तीनदा मान हलवली.

“बरं झालं विचारलं. नायतर उगा लोकांचं जाळलं असतं.”

ते पायऱ्या उतरले. फाटकात मुरबाडहून आलेली गाडी उभी होती. सावळाराम जवळून जाताना गाडीवान राघोने पेंढीतली मूठभर काडी उपसून त्यांच्यापुढे धरली.

“बघा बरं काका, ओल हाय का?”

सावळारामांनी ती नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग राघोच्या हातात परत देऊन त्यांनी कचेरीच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

“म्हैपतला विचार बाबा. मला नाय कळत.”